धुळातात्यांची जिरायत-बागायत

धुळातात्या कुणाला रामराम म्हणत नसत. समोरचा माणूस सायकलवरून उतरायच्या आत ते त्याच्या मागच्या चाकाजवळ उकिडवे बसलेले असत आणि मान वर करून विचारत, "जिरायत का बागायत?"

एकदा आमच्या वाडीतली मुलगी बघायला लोणी भापकरहून पाहुणे आले. मुलाचा बाप भिंतीला सायकल टेकवतोय, तोच तात्यांनी त्याला गाठलं आणि तोच प्रश्न टाकला. त्या गृहस्थाला वाटलं, मुलीकडचं कुणीतरी वडीलधारं माणूस जमिनीची चौकशी करतंय. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. टोपी सारखी करत तो म्हणाला, "तशी सगळी जिरायतच हाय. पर हीर खांदायला घेतलीया."

"मग मेण लावतो," तात्या म्हणाले आणि त्याच्या सायकलची साखळी सोडवायला बसले.

लग्न जमलं. पण त्या व्याह्यांना पुढे कितीतरी दिवस कळेना, की जमीन जिरायत असली तर मेण कुठं आणि कशाला लावतात.

मी त्या वाडीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा तेवीस वर्षांची होते. माझं माहेर इंदापूर. बारामतीहून कन्हेरीच्या पलीकडे ही वाडी, आणि वाडीला मधोमध चिरून गेलेला कालवा. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, पाटाचं पाणी आणि बारा महिने चिखल. वरच्या अंगाला माळ, बाभळी आणि पिठासारखी बारीक धूळ. खालची ती बागायत, वरची ती जिरायत. माझी निम्मी घरं खाली होती आणि निम्मी वर. बाळंतिणी, लशी, तापाच्या गोळ्या, सगळं सायकलवरून. तात्यांचा प्रश्न एवढाच होता, की आज सायकल कालव्याच्या कुठल्या अंगाला जाणार. कारण दोन्हीकडचं तेल वेगळं.

तात्यांचं घर उपकेंद्राला लागूनच होतं. वडील मेंढरं राखायचे; चार महिने कोकणात, चार महिने वाटेत. घरातून काठी खाली ठेवून साखर कारखान्यात नोकरी धरणारे तात्या पहिले. तिथं ते ऑइलमन होते. म्हणजे हंगामभर हातात लांब नळीची तेलाची कुपी घेऊन फिरायचं आणि गव्हाणीतून ऊस ओढून नेणाऱ्या अजस्र साखळ्यांना, मिलच्या बेअरिंगांना तेल पाजायचं. एक कडी कोरडी राहिली तर सगळा कारखाना उभा राहतो, हे ते नेहमी सांगत. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, कुपी सुटली नाही. बायको आधीच गेली होती. मुलगा भोसरीला कंपनीत होता, तो बोलवायचा. तात्या जात नसत. का, विचारलं तर म्हणायचे, "तितं समद्यांकडं मोटारसायकली."

आमची ओळख माझ्या दुसऱ्याच दिवशी झाली. मी माझी लेडीज सायकल बाहेर काढली, तर हे चाकाजवळ. साखळीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि साप बघितल्यासारखे मागे सरकले.

"गोडंतेल?"

साखळी करकरत होती म्हणून मी आदल्या संध्याकाळी स्वयंपाकाच्या बरणीतलं चमचाभर शेंगदाण्याचं तेल ओतलं होतं. तसं सांगितलं.

"बाई, साखळी हाय ती. वांगं न्हाय."

तेवढं बोलून त्यांनी सायकल ताब्यात घेतली. साखळीचं लॉक काढलं, साखळी रॉकेलच्या डब्यात बुडवली, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासली, उन्हात दगडावर पसरली. मला त्या दिवशी सगळ्या गृहभेटी पायी कराव्या लागल्या. परत आले तर साखळी चांदीच्या पैंजणासारखी चमकत होती आणि तात्या एकेका कडीला एकेक थेंब सोडत होते. वाटीतलं तूप वाढपी जसं पंगतीत हात राखून वाढतो, तसं.

त्यांचं शास्त्र पक्कं होतं. डांबरी रस्त्यानं बारामतीला जायचं असेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल. खालच्या अंगाला, चिखलपाण्यात जायचं असेल तर ट्रॅक्टरच्या गिअरचं जाड ऑइल. पाणी पातळ तेलाला धुऊन नेतं, जाडाला नाही. आणि वरच्या अंगाला, धुळीत, तेल अजिबात नाही. तिथं मेण. मेणबत्त्या जुन्या अल्युमिनियमच्या भगुल्यात वितळवायच्या, कोरडी साखळी त्यात सोडायची, काढून पुसून गार करायची. मेणाला धूळ चिकटत नाही. "धूळ वल्या तेलाला बघून धावती," ते म्हणायचे, "तुमच्या हाफिसातली मान्सं चहा बघून धावत्यात तशी." नाव धुळा आणि जन्मभराचं वैर धुळीशी, यावर वाडीतले लोक हसायचे. तात्या हसायचे नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचा भाग तेल घातल्यावरचा. दोन मिनिटं पायडल उलटं फिरवायचं आणि मग कोरड्या फडक्यानं साखळी पुसून काढायची; इतकी, की बघणाऱ्याला वाटावं याला तेल लावलंच नाही. "तेल आत पायजे. भायेर दिसतं ती नुसती शोभा." माझी साडी युनिफॉर्मची, पांढरीशुभ्र. संध्याकाळी मी परत आले, की तात्या आधी माझ्या साडीचा काठ बघायचे. काठाला काळा ठिपका दिसला तर त्या रात्री ते जेवत नसावेत, असा माझा अंदाज आहे. अकरा वर्षांत असे ठिपके तीनदा पडले.

आता रोज सकाळी मेण काढा, ऑइल घाला, हे कसं जमणार? तात्यांनी तोडगा काढला. मला दुसरी साखळी घ्यायला लावली. उपकेंद्राच्या दारामागं दोन खिळे ठोकले. एका खिळ्यावर मेणाची साखळी, एकावर ऑइलची. सकाळी मी दार उघडलं की प्रश्न यायचा, मी एका शब्दात उत्तर द्यायची, आणि चहा उकळेपर्यंत साखळी बदललेली असायची.

सुरुवातीला मला याचं हसू यायचं. मग एका पावसाळ्यात खालच्या अंगाच्या मळ्यातून निरोप आला, की सून अडलीय. पहाटेपासून पाऊस होता. निरोप आणणाऱ्या माणसाची सायकल येतानाच चिखलात जाम होऊन पाटाच्या कडेला पडली होती. माझी गेली. चिखल मडगार्डात भरला तो मी काटकीनं काढत गेले, पण साखळीनं एकदाही कुरकुर केली नाही. पोचले तेव्हा नाळ बाळाच्या मानेला गुंडाळलेली होती आणि घरातल्या बायका घाबरून नुसत्या बघत होत्या. मुलगी झाली. रडली. घरी येऊन मी तात्यांना सगळं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "कडी आवळली न्हाय न्हवं कुटं?"

असाच माणूस. लोक म्हणायचे, तात्यांचं डोकं तेलात बुडालंय. कुणी विचारावं, "तात्या, जेवला का?" तर उत्तर यायचं, "शिलाई मिशीनचं." सरपंचांनी देवळाच्या बैठकीला बोलावलं तर मान डोलवायचे आणि जायचे नाहीत. सरपंचांनी त्याचा राग धरला होता. म्हातारा शिष्ट आहे, कारखान्यात राहून आला म्हणून आपल्याला मोजत नाही, असं ते चारचौघांत म्हणत. मलासुद्धा वाटायचं, की या माणसाला साखळीपलीकडं कुणाचं काही पडलेलं नाही. हे मला आज लिहायलाही जड जातं.

ती पोलिओच्या डोसांची सुरुवातीची वर्षं होती. एका रविवारी माझ्याकडं माळावरच्या वस्त्या होत्या. उन्हं लवकरच तापली होती. लसीचा डबा, आत बर्फ, मागच्या कॅरिअरला घट्ट बांधलेला. वर धुरळा उडत होता म्हणून मी निघण्याआधीच नाकातोंडावरून ओढणीसारखा पांढरा रुमाल गुंडाळला होता. तात्यांनी विचारलं, "जिरायत का बागायत?"

"जिरायत," मी रुमालाआडून म्हणाले.

तात्या माझ्याकडं बघत राहिले. मी घाईत होते, डबा बघत होते. त्यांनी परत विचारलं नाही. दारामागं गेले, साखळी आणली, चढवली, पुसली. मी निघाले.

दोन मैलांवर सायकल जड लागायला लागली. चढाला साखळी पडली. बसवली, परत पडली. खाली वाकून बघते तर कड्यांवर धुळीचा चिखल झालेला. कड्या कणकेच्या गोळ्यात भरल्यासारख्या घट्ट, वळेनात. त्यांनी ऑइलची साखळी चढवली होती.

पुढचं अंतर मी सायकल ढकलत चालले. डब्यावर स्वतःची पाण्यानं भिजवलेली पिशवी टाकली, वाटेत मिळेल त्या बाभळीखाली दोन मिनिटं थांबले आणि सारखी झाकणाला हात लावून गारवा बघत राहिले. लस गरम झाली तर माळावरची चाळीस-पन्नास मुलं राहणार, आणि ती माणसं एकदा पांगली की पुन्हा गोळा होत नाहीत. वस्तीवर पोचले तेव्हा बायका मुलांना कडेवर घेऊन उठायच्या बेतात होत्या. डबा उघडला. बर्फ पाण्यात तरंगत होता, पण होता. सगळ्या मुलांना डोस पाजून झाले.

संध्याकाळी परतले ती तापलेलीच. तात्या त्यांच्या अंगणात पाठमोरे बसून कुणाचं तरी चाक सरळ करत होते. मी रुमाल सोडला आणि मागूनच सुरू झाले. तुम्हाला काही कळतं का, एवढं मोठं शास्त्र सांगता, आज माझी लस गेली असती, मुलं राहिली असती. जितकं बोलता येईल तितकं बोलले. तात्या चाक फिरवत होते. मान वळवली नाही. मला वाटलं, सरपंच म्हणतात ते खरं.

मी उपकेंद्रात जाऊन हाताला आलेला स्टीलचा ट्रे रागानं टेबलावर टाकायला गेले, तो निसटून दारातल्या फरशीवर आदळला. तात्यांच्या अंगणातल्या कोंबड्या ओरडत कुडावरून पलीकडे उडाल्या. कुत्रं उठून पळालं. तात्यांच्या पाठीवरचा सदराही हलला नाही.

मी तशीच उभी राहिले. नर्स होते ना मी. रोज सकाळी त्या माणसाशी बोलत होते.

समोर जाऊन बसले. त्यांनी वर बघितलं, माझ्या साडीचा काठ बघितला. सगळा काळा. मग सायकलकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"मी बागायत घातली?"

मी मान हलवली.

"त्वांड झाकलं हुतं तुमी," ते म्हणाले. थोडा वेळ चाकाच्या तारा चाचपत राहिले. "दोन शबूद मला कुनाच्या बी व्हटावर वळकू येत्यात, बाई. जिरायत म्हनताना दात दिसत्यात. बागायत म्हनताना आदी व्हट मिटत्यात. म्हनून तेवडंच इचारतो. दुसरं काय इचारलं आन् मान्सानं भलतंच सांगितलं, तर मी काय बोलू?"

मी कानाकडं बोट दाखवलं. "कधीपासून, तात्या?"

"मिलच्या आवाजानं. हळूहळू. रिटायर झालो तवा समदंच गेलं हुतं."

आणि मग त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "कुनाला सांगू नका. शिष्ट म्हनत्यात, म्हनू द्या. शिष्ट मान्सासंगं लोक भांडत्यात तरी. भैऱ्यासंगं कोन बोलतंय? हात करत्यात आन् फुडं जात्यात."

मी कुणाला सांगितलं नाही. पण पुढच्या महिन्यात बारामतीला कान तपासणीचं शिबिर होतं, तिथं त्यांना घेऊन गेले. जायला तयार नव्हते. मग मी हातवारे करून सांगितलं, की शिबिराच्या दारात पन्नास सायकली लागतील आणि त्यातली एकही धड नसेल. तेव्हा आले.

तेव्हाचं ते यंत्र म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. ती खिशात ठेवायची आणि तिची वायर कानात. तात्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि डॉक्टरांना विचारलं, "ह्याला कंचं त्याल?"

"ह्याला सेल लागतो, आजोबा," डॉक्टर हसून म्हणाले.

ते त्यांनी ऐकलं. ऐकलं, हे त्यांच्याही लक्षात आलं. डोळे विस्फारून ते माझ्याकडं वळले, "बाई, तुमी बोला की कायतरी."

 मी म्हणाले, "तात्या, घरी जाऊया?"

"आरं तिच्या!" तात्या म्हणाले. "तुमचा आवाज बारीक हाय की! मला वाटायचं जाड आसंल."

वाडीत लोकांना आधी वाटलं, म्हाताऱ्यानं रेडिओ घेतला. मग कळलं. पण तात्यांना वाटत होतं तसं काही झालं नाही. उलट, इतकी वर्षं तात्या आपल्याला मुद्दाम टाळत नव्हते याचंच लोकांना बरं वाटलं. सरपंच स्वतः येऊन बसले आणि देवळाच्या सगळ्या जुन्या बैठकांचा वृत्तान्त त्यांनी एका दमात सांगितला. तात्यांनी तो पूर्ण ऐकला. नंतर मला म्हणाले, "ह्ये आयकू आलं न्हवतं त्ये बरंच हुतं."

दिवाळीला मी माहेरी निघाले, तर तात्या धुतलेलं धोतर नेसून, कानात वायर घालून एसटीच्या थांब्यावर उभे. "मला बी इंदापूरला यायचंय. तितं माजी धाकटी भन हाय. यसू." माझ्या अकरा वर्षांत या बहिणीचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बसमध्ये बसल्यावर त्यांनी सांगितलं, की सहा वर्षं झाली, यसू बोलत नाही. तिचे मालक वारले, तात्या दहाव्याला गेले, तर तिनं पाठ फिरवली. "का, त्ये इचारलं न्हाय. तिनं सांगितलं आसतं, पर आयकायला कान कुटं हुतं?"

इंदापूरच्या अलीकडच्या वस्तीवर यसूबाईंचं घर होतं. अंगणात त्या शेंगा निवडत होत्या. भावाला बघून उठल्या नाहीत. मी माझी ओळख सांगितली, तर मला पाणी दिलं. तात्यांपुढं तांब्या नुसता ठेवला.

तात्या जमिनीवर बसले. खिशातली डबी चाचपली, तिचं बटण पुढं सरकवलं. "यसे, माजं काय चुकलं त्ये सांग. म्या आयकायला आलोय."

यसूबाईंनी शेंगांचं सूप हातात घेतलं. मग माझ्याकडं बघून बोलायला लागल्या, जणू भाऊ तिथं नव्हताच. सांगवीला भावकीतल्या लग्नात त्यांनी दादाला बाजूला घेतलं होतं. मालकांच्या छातीत गाठ निघालीय, डॉक्टर पुण्याला न्या म्हणतात, तू संगं येशील का, असं विचारलं होतं. घरात दुसरं कुणालाच अजून सांगितलं नव्हतं. "आन् ह्यो हासला, बाई. तोंडभरून हासला. म्हनला, लई झ्याक झालं, उडवून द्या बार!"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी आसं म्हनलो?"

"व्हय."

"मला वाटलं, तू पोरीचं लगीन ठरलं म्हनतीयास," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज आधीच मोठा, तो आता फुटला. "मला आयकू आलं न्हाय गं. तितं बँड वाजत हुता. बँड नसता तरी आलं नसतं. भैरा झालोय मी. कवाचा."

यसूबाईंनी तेव्हा पहिल्यांदा ती वायर नीट बघितली. कानापासून खिशापर्यंत. हातातलं सूप खाली ठेवलं, जवळ आल्या आणि भावाच्या दंडावर त्यांनी जोरात एक रट्टा दिला. "मग सांगायचं न्हाय व्हय रं?" दुसरा रट्टा दिला आणि तिसऱ्याला हात तिथंच दंडाला धरून राहिला. रडायला लागल्या. तात्याही.

मग तात्या म्हणाले, "आता पयल्यापासनं सांग. दाजींचं समदं."

मी तिथून उठले. घरी जाऊन आईच्या हातचं जेवले, दोन दिवस राहिले. निघायच्या दिवशी तात्यांना घ्यायला वस्तीवर गेले तर दोघं ओसरीवर बसलेली. यसूबाई बोलत होत्या आणि तात्यांनी डबी खिशातून काढून तळहातावर त्यांच्या तोंडाजवळ धरली होती. हात दुखत असावा, कारण दुसऱ्या हातानं मनगटाला आधार दिला होता.

"तात्या, चला. बारामतीची बस आहे."

त्यांनी मान वळवली. ऐकू आलं होतं.

"तुमी व्हा फुडं, बाई," ते म्हणाले. "ही आजून दाजीस्नी पुन्याच्या दवाखान्यातनं घरी आनतीया."